अकरा हिरवी पावलं

सकाळचे साडेआठसुद्धा वाजले नव्हते, आणि मैदानाच्या फाटकाशी काढलेल्या चपलांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. ज्यांना आत जागा मिळाली नव्हती ते कुंपणाच्या भिंतीवर चढून बसले होते. भिंत तापायला लागल्यामुळे ते एकदा या बाजूला कलत होते, एकदा त्या बाजूला. पण खाली उतरायला कोणी तयार नव्हतं.

बघण्यासारखं होतंच म्हणा. या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत अख्खं मैदान करपून गेलं होतं. पाय टाकला की काड्या कुरकुरायच्या. आणि त्या राखाडी मैदानाच्या मधोमध एका रेषेत अकरा पावलं उमटली होती. डावं, उजवं, डावं, उजवं. टाच, तळवा, अंगठा, सगळं जिथल्या तिथे. गर्द हिरव्या, जिवंत गवताची पावलं.

"माझ्या मेव्हण्याने स्वतः हात लावला," एकजण सांगत होता. "गार! माठाला हात लावावा तसं!"

"पाणी कोण घालतं त्यांना?"

"कोण घालणार? महिना झाला, मैदानाचं पाणी बंद आहे. नळाला कुलूप आहे."

मांडवात उंच आसनावर शीतलबाबा बसले होते. मागे दोन पंखे, बाजूला बर्फाची लादी, आणि हातात माइक. स्वतः गारव्याचा उगम असलेल्या माणसाला पंखे आणि बर्फ कशाला लागतात, हा प्रश्न तीन हजार माणसांपैकी एकालाही पडला नव्हता.

"ऊन कोणाला लागतं?" बाबांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "ज्याच्या मनात शंका आहे त्याला! बारा दिवसांपूर्वी आम्ही या जमिनीवरून चाललो. फक्त चाललो! आमच्या तळपायांतला गारवा गवतात उतरला. त्याच्या मुळात उतरला. आणि शास्त्रज्ञ ज्याला जीन म्हणतात ना, जीन, त्या जीनमध्ये जाऊन बसला! आज सूर्याची टाप नाही त्याला हात लावायची!"

'जीन' म्हटल्याबरोबर गर्दीच्या माना डोलायला लागल्या. न कळलेल्या शब्दाला मान जरा जास्तच जोरात डोलते.

"उद्या! दुपारी बारा ते तीन! पायात चपला नकोत, डोक्यावर कापड नको, पोटात पाण्याचा थेंब नको. या पावलांभोवती उभं राहायचं. जो तीन तास टिकेल, त्याला जन्मात ऊन लागणार नाही!"

गर्दीच्या कडेला मुळ्याताई उभी होती. तिचं लक्ष बाबांकडे नव्हतं. बाबा बोलत होते तेव्हा पहिल्या पावलाशी एक म्हातारा काठीसारखा ताठ उभा होता. गळ्यात शिट्टी, अंगात जुना खाकी शर्ट, डोकं उघडं. ते तिचे वडील होते.

मैदानाचे अप्पा म्हणून सगळं शहर त्यांना ओळखायचं. अडतीस वर्षं त्यांनी हे मैदान राखलं. गवत कापलं, चुन्याच्या रेषा मारल्या, गोलच्या जाळ्या बांधल्या, आणि रोज संध्याकाळी न चुकता, पोटच्या पोराला अंघोळ घालावी तसा सगळ्या मैदानावर पाण्याचा हलका फवारा मारला. निवृत्तीनंतरही फवारा मारायला जायचेच. या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर गेला, पालिकेने पाणी तोडलं, आणि आठवडाभरात अप्पांच्या डोळ्यांसमोर सगळं मैदान जळालं. ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक परका माणूस आला, मैदानावरून नुसता चालत गेला, आणि तो चालला तेवढंच गवत हिरवं झालं. अडतीस वर्षांच्या फवाऱ्यापेक्षा त्याच्या तळपायात जास्त जोर निघाला. असा घाव बसल्यावर शहाणा माणूससुद्धा हात जोडतो.

वर बाबांनी त्यांना 'पावलांचा राखणदार' नेमलं होतं. निवृत्तीच्या दिवशी परत केलेली शिट्टी पुन्हा गळ्यात आली होती. डॉक्टरीणबाईंनी चार महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, "अप्पा, हृदय नाजूक झालंय. दुपारच्या उन्हात पाऊल टाकायचं नाही." ते आता सकाळपासून तिथेच असायचे.

ताई शहराबाहेरच्या गवत संशोधन केंद्रात कामाला होती. तिचं काम सांगितलं की लोक हसायचे. ती मुळं धुवायची. केंद्रात हाताएवढ्या उंच नळ्यांमध्ये गवत वाढवायचे. प्रत्येक नळीत आधी नायलॉनचा एक लांब निळा मोजा घालायचा, त्यात माती भरायची, मोज्याच्या तळाला गाठ मारायची आणि वर गवत लावायचं. प्रयोग संपला की मोजा ओढून बाहेर काढायचा, माती अलगद धुवायची आणि मुळ्या मोजायच्या. अकरा वर्षं ती हेच करत होती, म्हणून तिथे सगळे तिला मुळ्याताई म्हणायचे. तिला ते आवडायचं.

भाषण संपल्यावर ती रांगेत शिरली आणि चौथ्या पावलाशी गुडघे टेकून बसली. लोकांना वाटलं, नमस्कार करतेय. ती पातं बघत होती. बारीक, किंचित निळसर, मधोमध घडी पडलेलं. या मैदानाचं गवत रुंद पात्याचं होतं. लहानपणापासून ती त्याच्यावर लोळली होती. मग तिने टाच पाहिली. टाच गोल होती, पेल्याच्या काठासारखी गोल. पुढचा तळवा म्हणजे तसेच दोन गोल शेजारी शेजारी, आणि कात्रीने नीट छाटलेली बोटं.

'इतकी गोल टाच कोणाची असते?' तिच्या मनात आलं. त्या गोलाचं माप तिला तोंडपाठ होतं.

ती उठली तेव्हा मांडवाच्या दाराशी बाबांचा कारभारी दिसला. नवं पांढरं झब्बा-धोतर, कपाळावर गंध. तरी तिने ओळखलं. शहरात हिरवळीचे गालिचे विकणारा हा माणूस केंद्राच्या मागच्या फाटकाशी हातगाडी घेऊन यायचा. प्रयोगातल्या तीनशे नळ्यांपैकी शंभरच उघडून मोजायच्या असतात. उरलेल्या टाकून देतात. 'खताला नेतो' म्हणून मागच्या महिन्यात तोच सगळ्या घेऊन गेला होता.

ती तडक केंद्रात गेली. केंद्रप्रमुख मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आपलं गवत! आठ आठवडे त्याला रोज थोडं थोडं तापवलं आपण. त्याच्यावर हा बसलाय होय? मी उद्या वरच्या ऑफिसला पत्र लिहिते."

"पत्राचं उत्तर कधी येईल?"

"पंधरा दिवसांत."

"मॅडम, उद्या दुपारी बारा वाजता माझे वडील उन्हात उभे राहणार आहेत."

मॅडमनी कपाटातून माती काढायची लांब पोकळ लोखंडी नळी बाहेर ओढली आणि तिच्या हातात दिली. "ने. मी डॉक्टरीणबाईंना घेऊन येते."

संध्याकाळी ताईने अप्पांना सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

"तू मला गवत शिकवणार?" अप्पांचा आवाज चढला. "तू रांगत होतीस तेव्हापासून मी गवत राखतोय!"

"अप्पा, ते लावलेलं आहे. पहिले तीन दिवस मैदानावर कापडाच्या भिंती होत्या ना? आत बाबांचं मौन चाललं होतं म्हणे. मौन कसलं, खड्डे खणणं चाललं होतं."

"आणि लावलेलं असलं तरी जगलं कसं? पाण्याशिवाय? ज्या उन्हात माझं मेलं, त्याच उन्हात?"

उत्तर ताईच्या ओठांवर आलं होतं. पण त्या उत्तराच्या पोटात दुसरं एक उत्तर होतं, आणि ते अप्पांना सांगायची हिंमत तिला कित्येक वर्षं झाली नव्हती. ती गप्प बसली. अप्पांनी तिच्या गप्प बसण्याचा सोयीचा अर्थ काढला आणि खाकी शर्टाला इस्त्री करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मैदान माणसांनी भरलं. म्हातारे होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, कामावर दांडी मारून आलेले तरुण होते. सगळे अनवाणी, सगळे उघड्या डोक्याने. बाबा अर्थातच मांडवात होते. त्यांना म्हणे सावलीतून सगळ्यांचं ऊन स्वतःच्या अंगावर घ्यायचं होतं.

साडेबाराला एक बाई मटकन खाली बसली. "पाप बाहेर पडतंय!" बाबा माइकवरून ओरडले. "पडू द्या!"

तेव्हा ताई गर्दीतून पुढे आली. हातात लोखंडी नळी, डोक्यावर ओला पंचा, पायात जाडजूड चपला.

"चपला काढ!" दहा आवाज आले.

"नाही काढणार," ती म्हणाली. "जमीन तापली आहे. तळवे माझे आहेत."

ती चौथ्या पावलाशी पोचली आणि कारभारी धावत आला. "अहो बाई, हे काय? महाराज, ही खणायला आली!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते गोड हसले. "बेटी, म्हण आठव. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये."

"माझं पोट त्याच्यावरच चालतं, बाबा. मी अकरा वर्षं मूळच शोधतेय."

थोडे लोक हसले. बाबांचं हसू मात्र मावळलं. "या पावलाला लोखंड लावशील तर तुझ्या घरात आग लागेल! तुझं अंग रात्रंदिवस भाजत राहील!"

"बरं. भाजू दे."

तिने नळी जमिनीला टेकवली, आणि समोर अप्पा येऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरलेले. तोंड लाल झालं होतं आणि कोरडं होतं, घामाचा एक टिपूससुद्धा नव्हता. घाम थांबला म्हणजे काय, हे डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं.

"आधी मला खण," अप्पा म्हणाले. शब्द जड येत होते. "मग पावलाला हात लाव."

काल रात्रीपर्यंत तिने खूप मुद्दे पाठ करून ठेवले होते. त्यातला एकही आता कामाचा नव्हता.

"अप्पा, मैदानाला खड्डा पडला तर तो बुजवायचा कसा, हे मला कोणी शिकवलं?"

अप्पांचे हात तसेच पसरलेले राहिले.

"तुम्हीच शिकवलंत. मी एकच खड्डा करते. खाली नुसती माती निघाली तर बुजवते, आणि आजपासून रोज बारा ते तीन तुमच्या शेजारी उभी राहते. सगळ्यांसमोर सांगते. पण अडतीस वर्षं तुम्ही या जमिनीची राखण केलीत. खाली काय आहे ते तुम्हाला बघायचं नाही?"

पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. अप्पांनी पावलाकडे पाहिलं. भक्त हटला नसता. हटला तो आतला माळी. ते एक पाऊल बाजूला झाले.

ताईने नळी टाचेवर बसवली आणि सगळं अंग टाकून दाबली. पिळा दिला, पुन्हा दाबली. मग दोन्ही हातांनी वर ओढली. नळीतून गवताचा झुबका आला, त्याच्या खाली माती आली, येतच राहिली, हातभर लांब. आणि ती माती सगळीच्या सगळी एका निळ्या नायलॉनच्या मोज्यात होती.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी वाकून वाकून बघत होती. ती मोठ्याने म्हणाली, "महाराज, एवढ्या उन्हात मोजे घालून चालत होतात व्हय तुम्ही?"

हसण्याची पहिली लाट फाटकापर्यंत गेली.

"ही लीला आहे!" बाबा ओरडले. "धरतीने आमच्या पावलांना वस्त्र दिलं!"

"कोणत्या दुकानातून?" भिंतीवरून कोणीतरी विचारलं.

"ही बाईच लबाड आहे! तिनेच आत्ता नळीतून मोजा सोडला!" कारभारी किंचाळला.

ताई त्याच्याशी भांडली नाही. तिने तो मोजा अप्पांच्या हातावर ठेवला आणि तळाकडे बोट दाखवलं. "गाठ बघा, अप्पा."

अप्पांनी गाठ डोळ्यांजवळ नेली. दोन वेढे, मधून उलटा फास, आणि एक टोक मोकळं. गोलची जाळी खांबाला बांधायची गाठ. चेंडू कितीही जोरात आदळो, सुटत नाही. मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. ही गाठ त्यांची स्वतःची होती. त्यांनी ती एकाच माणसाला शिकवली होती, पोरगी आठ वर्षांची असताना, याच गोलपोस्टाशी.

त्यांनी टोक ओढलं. गाठ सुटली. माती त्यांच्या पायावर सांडली आणि मोज्यातून पांढऱ्या, लांबच लांब मुळ्या खाली लोंबल्या.

"ही माझ्या पोरीची गाठ आहे," अप्पा म्हणाले. मग गर्दीकडे वळून, जेवढा आवाज उरला होता तेवढ्या आवाजात म्हणाले, "या माणसाने माझ्या मैदानात मोजे पुरलेत!"

पुढे कोणाला थांबवणं शक्यच नव्हतं. लोकांनी काठ्यांनी, मांडवाच्या खुंट्यांनी, हातांनी उरलेली पावलं उकरली. अकरा पावलांखाली तेहतीस मोजे निघाले, आणि प्रत्येकाच्या तळाला तीच गाठ. कारभारी मांडवाच्या मागच्या बाजूने सटकायला गेला, पण अनवाणी होता. तापल्या जमिनीवर चार उड्या मारून परत सावलीत आला. ज्या गारव्याची तो इतके दिवस दलाली करत होता, त्यातला चमचाभरही त्याच्या तळव्यांच्या वाट्याला आला नाही. बाबा बर्फाच्या लादीमागे बसले होते. पोलीस येईपर्यंत ती अर्धी वितळली.

त्या गोंधळाकडे ताईचं लक्ष नव्हतं. अप्पांचे गुडघे वाकले होते. तिने आणि मॅडमनी त्यांना धरून मांडवाच्या सावलीत नेलं. डॉक्टरीणबाईंनी बर्फाच्या लादीचे तुकडे फोडून आणायला लावले, काखेत ठेवले, अंगावर ओली चादर टाकली, पंखा त्यांच्याकडे वळवला. बाबांच्या सगळ्या सामानात अंगाला गारवा देणारं तेवढंच होतं, आणि ते शेवटी कामी आलं. पाऊण तासाने अप्पांच्या कपाळावर घामाचा थेंब फुटला. इतका सुंदर थेंब ताईने जन्मात पाहिला नव्हता. ती चक्क रडली.

एव्हाना भोवती माणसं जमली होती. सावलीत आलेली, पाणी प्यायलेली, थोडी शरमलेली.

"पण जगलं कसं ते?" अप्पांनी डोळे मिटूनच विचारलं. कालचाच प्रश्न. "मोज्यातलं जगलं, माझं मेलं. मला खरं सांग."

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता.

"अंड्याचा पांढरा भाग तापला की घट्ट होतो ना अप्पा, आणि मग काही केलं तरी पातळ होत नाही? अंगातल्या प्रथिनांचं तसंच होतं, गवताच्याही आणि आपल्याही. पण ऊन वाढलं की गवताच्या पेशीतले काही जीन जागे होतात आणि राखणदार प्रथिनं बनवायला लागतात. ती बाकीच्यांना गोठू देत नाहीत. ते जीन तुमच्या गवतातही होते. पण जागं व्हायला वेळ लागतो, आणि ऊन एकदम आलं. आमच्या गवताला आम्ही आठ आठवडे थोडं थोडं तापवलं होतं. त्याचे राखणदार आधीच तयार होते. शिवाय आमची जात निवडून घेतलेली, खोल जाणाऱ्या मुळांची."

"आणि गार कसं लागायचं?" मेव्हणावाला मागून म्हणाला.

"खालचं पाणी पात्यातून वाफ होऊन उडतं. घाम आला की आपण गार होतो, तसंच. वाळलेल्या काडीला कुठला घाम?"

"माझ्या गवताच्या मुळांचं सांग," अप्पा म्हणाले.

ताईने त्यांचा हात हातात घेतला. "तुमची मुळं बोटभरच होती, अप्पा. तुम्ही रोज संध्याकाळी हलकं पाणी द्यायचात. ते वरच्यावरच राहायचं. रोज ताट तोंडाशी आलं तर मुळं कशाला खाली जातील? वरची माती तापली आणि ती भाजून निघाली. आठवड्यातून एकदाच, पण खोलवर पाणी दिलं असतं, तर अर्धं तरी मैदान तगलं असतं. मला माहीत होतं. सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही किती प्रेमाने मारायचात तो फवारा."

अप्पांनी तिच्या हातातून हात काढून घेतला. मॅडमनी मान वळवली. ताईला वाटलं, बाबाच्या उन्हातून वाचवलं आणि मीच मारलं.

"आधी सांगायला हवं होतंस," अप्पा शेवटी म्हणाले. "मला वाईट वाटलं असतं. वाटू द्यायचं. गवत तर वाचलं असतं."

तेवढ्यात एक माणूस पुढे झाला. त्याच्या हातात अजून उपटलेल्या पात्यांची जुडी होती. "ताई, मोज्यांचं खरं आहे, मान्य. पण माझ्या आईला श्रद्धेने थोडं बरं वाटत होतं. त्यात तुमचं काय जात होतं?"

ताई उठून उभी राहिली.

"माझा बाप जात होता," ती म्हणाली. "ती बाई खाली बसली तेव्हा तिचं पाप बाहेर पडत नव्हतं, जीव बाहेर पडत होता. तुमची आई उद्या इथेच पडली असती, तर हा बाबा म्हणाला असता, तिच्या मनात शंका होती. शंका असती तर बरं झालं असतं! शंका असलेला माणूस सावलीत जातो. अहो, गवताला पाय नाहीत. त्याला उन्हातून पळता येत नाही, म्हणून बिचारं मुळं खाली धाडतं, राखणदार तयार ठेवतं, जिवाच्या आकांताने झगडतं. आपल्याला दोन पाय आहेत आणि वर डोकं आहे. आणि आपण काय केलं? पाय भाजून घेतले आणि डोकं फाटकाशी चपलांत काढून ठेवलं!"

त्या माणसाने जुडीकडे पाहिलं. मग ती हळूच खाली ठेवली आणि चपला शोधायला गेला.

अप्पा आठ दिवस दवाखान्यात होते. नवव्या दिवशी ते पुन्हा मैदानावर आले, सकाळी सातला, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. तेहतीस मोज्यांतलं जे गवत उकरताना वाचलं होतं, आणि ताईने केंद्रात जपलं होतं, ते त्यांनी फाटकापाशी सावलीत लावलं. सगळ्या गाठी स्वतः सोडल्या. पाणी आलं की आठवड्यातून एकदाच द्यायचं, खोल, हे त्यांनी खडूने भिंतीवर लिहिलं, आणि खाली लिहिलं: 'रोज फवारा मारणाऱ्याला हाकलून देण्यात येईल, मग तो मी असलो तरी.'

अकरा वाजले की ते फाटकाजवळच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. कोणी भर उन्हात मैदानात शिरलं, की गळ्यातली शिट्टी कर्कश वाजते. परवा एक जुना भक्त म्हणाला, "अप्पा, पूर्वी याच शिट्टीने आम्हाला पावलांपाशी उभं करत होतात."

"करत होतो," अप्पा म्हणाले. "मी खाली उकरून पाहिलं नव्हतं. आता पाहिलंय. चल, सावलीत ये."